डावा मोजा

चौकशीच्या अहवालात सातव्या पानावर एक ओळ आहे: ‘सदर खेळाडूने सामन्यापूर्वी अथवा सामन्यादरम्यान कोणतीही तक्रार केली नव्हती.’ त्या पानाखाली माझी सही आहे. ओळ खोटी आहे. माझ्या धाकट्या बहिणीने तक्रार केली होती. एकदा नाही, चारदा केली. मी ती पाहिली, मला ती कळली, आणि मी खेळत राहिले.

ते कसं झालं ते सांगते.

आमचं कॉलेज म्हणजे दोन मजली इमारत, मागे सायकलींची शेड, शेडच्या मागे मैदान. मैदान आपलं म्हणायचं. एका गोलपोस्टमागून कॅन्टीनचं सांडपाणी जायचं, त्यामुळे त्या बाजूला पडलेली मुलगी दिवसभर वर्गात खरकट्याचा वास घेऊन बसायची. संध्याकाळी मैदान मुलांच्या संघाचं. आम्हाला सकाळी सहा ते सात, तेही चौकीदाराला जाग आली तर. जर्सी मुलांनी टाकलेल्या. माझ्या पाठीवर नऊ नंबर होता आणि नंबराच्या वर कुणाचं तरी आडनाव उसवून काढल्याची भोकं होती. पावसाळी गटारासारख्या रंगाचे मोजे होते, एकेकाळी लाल असावेत.

क्रीडाशिक्षक मुलांना शिकवायचे. आम्हाला लॅबकाका. लॅबकाका केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायचे. तरुणपणी कुठल्याशा कारखान्याच्या फुटबॉल संघातून खेळले होते, तेवढ्यावर आम्ही त्यांना गाठलं. “मी काय शिकवणार गं तुम्हाला,” म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सहाला दहा मिनिटं कमी असताना गेटवर उभे. चेंडू कसा घ्यायचा हे सांगताना म्हणायचे, “काचेची बरणी आहे असं समजा. वरून आली, अलगद घ्या. धाडकन घेतलीत की फुटली.” गुडघा अधू होता त्यांचा. तरी करून दाखवायचे आणि मग अर्धा तास शेडला धरून उभे राहायचे.

आम्ही अकराच होतो. एक बारा नंबरची होती, तिला दवाखान्यात नोकरी लागली, ती गेली. बदली खेळाडू म्हणून बाकावर काकांची पिशवी बसायची.

गोलला होती शटर. तिच्या वडिलांचं दुकानांची शटरं दुरुस्त करायचं काम, आणि ती स्वतःही रुंदीला त्याच मापाची. चेंडू अडवला की “शटर डाऊन!” अशी बोंब मारायची, पंच वैतागायचे. पुढे होती घाई. बोलायला घाई, पळायला घाई, कायम ऑफसाइड. आणि बचावाच्या मधोमध माझी बहीण, टकलू.

टकलू हे नाव तिने कमावलेलं होतं. डोक्याने चेंडू मारताना केसांची पिन टोचते म्हणून एके दिवशी ती जाऊन सगळे केसच उतरवून आली. आई शिलाईकाम करते. मशीनवरून मान वर करून बघितलं आणि म्हणाली, “एवढे कापलेस तर पिशवीत भरून आणायचेस. उशी तरी झाली असती.” मग आत जाऊन रडली. टकलू तिच्या मागे आत गेली, आईचा हात धरून स्वतःच्या डोक्यावर फिरवला आणि म्हणाली, “बघ तरी. मखमल आहे.” आई रडता रडता हसली.

अशी होती ती. आता तशी नाही.

मोज्याची गोष्ट सुरू झाली ती हे सगळं घडलं त्याच्या आदल्या वर्षी, एका मैत्रीपूर्ण सामन्यात. मैत्री कसली डोंबलाची. आमच्या एका मुलीचा घोटा मुरगळला आणि ती लंगडायला लागली. समोरच्यांनी ते हेरलं आणि सगळे चेंडू तिच्याच बाजूने टाकायला सुरुवात केली. तीन गोल झाले, तिन्ही तिच्या अंगावरून. शेवटी ती मैदानातच रडायला लागली. तिला बाहेर काढावं तर बदली नाही.

त्या दिवशी शेडमध्ये बसून मी नियम केला. मी कॅप्टन होते. लागलं तर लंगडायचं नाही. ओरडायचं नाही. खाली बसायचं तर नाहीच. डाव्या मोज्याची वरची घडी एकदा दुमडायची. बास. ते दिसलं की तिच्या दोन्ही बाजूच्या मुली न सांगता सरकणार, तिच्या वाटचं पळणार, तिच्याकडे चेंडू देणार नाहीत. समोरच्यांना पत्ता लागता कामा नये.

“काकांना सांगायचं?” घाईने विचारलं.

“वेडी आहेस का?” मी म्हणाले. “काका लगेच बाहेर काढतील. मग दहाच उरलो.”

दहा जणींनी खेळता येतं. नियमात बसतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

शटर म्हणाली, “आणि दोन जणींना एकदम लागलं तर?”

“मग तू पुढे येऊन गोल कर.”

हसलो सगळ्या. आम्हाला ती फार मोठी युक्ती वाटली. अडचण एकच होती. ते मोजे इतके सैल होते की आपोआप खाली यायचे, त्यामुळे कुणाचा घसरलाय आणि कुणी दुमडलाय ते कळेना. मग टकलूने बावीसच्या बावीस मोजे गोळा करून आईपुढे टाकले. आईने एका रविवारी सगळ्यांना नवं इलॅस्टिक घातलं, आतून दुहेरी टीप मारून. “आता पाय तुटेल पण मोजा खाली येणार नाही,” असं म्हणाली. तिला वाटलं, पोरींना नीटनेटकं दिसायचंय.

त्या वर्षी आम्ही मोज्यावर तगलो. कुणाची मांडी धरलेली, कुणाचं बोट सुजलेलं, कुणाची पाळी, पोटात कळा. मोजा दुमडायचा, उरलेल्या दहाजणी पाण्यासारख्या सरकायच्या. मला अभिमान होता त्याचा. बोलता न येणारी माणसं कशी एकमेकांना समजतात तसं आम्ही समजायचो.

मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आली. सोळा संघ, पाच दिवस. आम्हाला नाव द्यायला सांगितलं कारण एक संघ गळाला होता आणि तक्त्यात भोक नको होतं. हे मला तिथल्या कारकुनानेच सांगितलं. वर म्हणाला, “एक दिवसाचं सामान आणलंत तरी चालेल.”

राहायला एका शाळेचा वर्ग दिला. बाक भिंतीला लावून सतरंज्या टाकलेल्या, फळ्यावर कुणीतरी भागाकार अर्धवट सोडलेला. शटरने पहिल्या दिवशी तो पूर्ण केला. चुकीचा.

पहिला सामना आम्ही एक-शून्यने जिंकलो. गोल त्यांच्याच मुलीच्या पायाला लागून गेला. घाईने तरी दोन्ही हात वर करून मैदानाला चक्कर मारली. दुसरा सामना बरोबरीत, मग पेनल्टी. शटरने तीन अडवल्या. तिसऱ्या वेळी “शटर डाऊन” म्हणायला तिला आवाजच उरला नव्हता, तर बाकी आम्ही दहाजणी मधल्या रेषेवरून ओरडलो. काका पिशवीशेजारी बसून चष्मा पुसत होते. एकच काच पुसत होते, किती वेळ.

कॉलेजात फोन गेला. ज्यांच्या लेखी तोवर आमचं अस्तित्वच नव्हतं ते प्राचार्य फोनवर म्हणाले, “शाबास माझ्या वाघिणींनो.” सांडपाण्याजवळच्या वाघिणी.

उपांत्य सामन्यात दोन-एकने पुढे होतो आणि बारा मिनिटं उरली होती. त्यांना कॉर्नर मिळाला. टकलू उडाली, त्यांची एक उंच मुलगी उडाली, आणि हाडावर हाड आपटल्याचा आवाज आला. नारळ फोडल्यासारखा म्हणतात तसा नाही. लाकडी दार कोरडं आपटतं तसा. चेंडू बाहेर गेला. त्यांची मुलगी डोकं धरून पडून राहिली, पंख्याखाली बसलेली डॉक्टरीणबाई बर्फ घेऊन तिच्याकडे धावली. टकलू उठली होती. उभी होती. कुणी तिला काही विचारलं नाही.

मी तिच्याकडे बघितलं. तिने वाकून डावा मोजा दुमडला.

एक.

आम्ही सरकलो. इतक्या छान सरकलो की प्रेक्षकांत कुणाला कळलं नाही. बारा मिनिटं तिच्याकडे एक चेंडू जाऊ दिला नाही. जिंकलो. सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडल्या. टकलू बाजूला उभी राहून टाळ्या वाजवत होती, पण हात एकमेकांवर नीट पडत नव्हते. मला वाटलं, दमली.

संध्याकाळी वर्गात तिने जेवण ओकून टाकलं. “भात शिळा होता,” घाई म्हणाली, आणि लगेच दोघीतिघींच्या पोटात दुखायला लागलं. टकलू खिडकीकडे पाठ करून, डोळ्यांवर टॉवेल टाकून पडली होती. काकांनी दारातून विचारलं, “सगळ्या ठणठणीत ना गं?” आम्ही एका सुरात म्हणालो, “हो काका!” टकलूही म्हणाली. तो नियमच होता.

काका गेल्यावर तिने मला जवळ बोलावलं. टॉवेल काढला नाही.

“ताई, उद्या मला पुढे ठेव ना. घाईच्या जागेवर.”

“का? गोल मारायची हौस आली?”

“मागे सगळे चेंडू डोक्यावरच येतात.”

दोन.

मी काय म्हणाले ते शब्दशः लिहिते. मी म्हणाले, “टकले, फायनल आहे. तू मागे नसलीस तर शटरचं पीठ होईल. डोकं नको लावूस. पायाने काढ.”

म्हणजे मला माहीत होतं. डोकं नको लावूस हे वाक्य माणूस माहीत असल्याशिवाय बोलत नाही.

ती “बरं” म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, “आईला सांगू नकोस हं ओकले ते. उगाच मशीन सोडून येईल.”

फायनलला समोर निळ्या जर्सीवाल्या. स्वतःची बस, स्वतःची डॉक्टर, बाकावर सात बदली मुली. त्यांची कॅप्टन लांब वेणीवाली, नाणेफेकीला माझा हात हातात घेऊन म्हणाली, “तुमचा उपांत्य सामना पाहिला. मस्त खेळता.” मी नाक मुरडलं. मला वाटलं, कुचकटपणा करतेय.

प्राचार्य आले होते, पहिल्या रांगेत, कोटाला फूल लावून. सोबत क्रीडाशिक्षकही, जणू इतके दिवस त्यांनीच आम्हाला पळवलं.

रांगेत मैदानात उतरलो तेव्हा माझ्या पुढे टकलू होती. तिचा डावा मोजा आधीच दुमडलेला होता. खेळ सुरू व्हायच्या आधी.

तीन.

मी घाईला मागे ओढलं, दोन्ही बाजूच्या मुलींना डोळ्याने खुणावलं. आम्ही पस्तीस मिनिटं जीव खाऊन पळालो. शून्य-शून्य. मध्यंतरात टकलू खांबाला टेकून उभी राहिली. बसली नाही. पाणी दिलं तर बाटली तोंडाच्या बाजूला लावली, पाणी गालावरून जर्सीवर. शटर हसली, “अगं तोंड मध्ये असतं!” टकलूही हसली. अर्ध्या तोंडाने.

उत्तरार्धात दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. खेळ थोडा थांबला होता, चेंडू थ्रोसाठी बाहेर होता. मी मागे वळून बघितलं. टकलू वाकली आणि तिने उजवा मोजापण दुमडला.

उजव्याचा काही नियम नव्हता. उजव्याचं आमचं काही ठरलेलंच नव्हतं. मी शटरकडे बघितलं, शटरने खांदे उडवले. घाई जाता जाता म्हणाली, “फॅशन करतेय का ही?” आणि थ्रो आला आणि आम्ही खेळायला लागलो.

चार.

मी या एका क्षणाशी रोज झटते. आम्ही तिला एकच शब्द दिला होता. तो पुरेना तेव्हा तिने स्वतः दुसरा बनवला, सत्तर माणसांसमोर, वाकून, डोकं फुटत असताना. आणि आम्हाला तो कळला नाही कारण तो आमच्या यादीत नव्हता.

मग निळ्यांनी मागून एक उंच चेंडू टाकला. पायाने काढायचा कसा, तो डोक्याच्या उंचीवरच आला. टकलू उडाली. सवयच ती. सुरेख उडाली, चेंडू मधल्या रेषेपर्यंत गेला, पहिल्या रांगेतून टाळ्या आल्या. ती खाली आली, दोन पावलं चालली आणि बसली.

आम्ही कधी बसत नसू. म्हणून मला राग आला. मी ओरडले, “ऊठ टकले! ऊठ!”

माझ्या बहिणीला समजलेलं माझं शेवटचं धड वाक्य ते.

चेंडू निळ्यांच्या कॅप्टनकडे होता. समोर मोकळं मैदान होतं, टकलूची जागा रिकामी, सरळ गोल. तिने हात वर केला आणि चेंडू जोरात बाहेर मारून दिला. आणि ती धावली, माझ्याआधी. तिने माझ्या बहिणीचं डोकं मांडीवर घेतलं. मी तिथे पोचले तेव्हा तिची वेणी टकलूच्या तोंडावर आली होती आणि एका हाताने ती वेणी बाजूला करत होती.

रुग्णवाहिका आली. एकालाच बसता येईल म्हणाले. काका लंगडत चढले. चढताना माझ्याकडे बघून म्हणाले, “मागोमाग येतेस ना?” मागून प्राचार्यांचा आवाज आला, “कॅप्टन गेली तर संघ सोडून गेल्यासारखं होईल हो.” मी राहिले. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. राहिले.

आणि आम्ही जिंकलो. हे लिहायचीच सगळ्यात जास्त लाज वाटते. शेवटच्या मिनिटाला घाई एकदाची ऑफसाइड नव्हती. दहा जणींनी जिंकलो, जे करता येत नाही म्हणून मी मोज्याचा नियम केला होता. पेपरात फोटो आला. मथळा होता, ‘दहा जणींची झुंज’. फोटोत मी कप धरलाय आणि माझे सगळे दात दिसताहेत.

रुग्णालयात डॉक्टरांनी काकांना विचारलं होतं, “काल-परवा डोक्याला काही मार?” काका म्हणाले, नाही. ते खोटं बोलले नाहीत. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

एकोणीस दिवस ती आत होती. निळ्यांची कॅप्टन एकदा आली. बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बसली.

“तुझी मैत्रीण ना?”

“बहीण.”

“सख्खी?”

“सख्खी.”

ती थोडा वेळ बसून उठून गेली. तिने मला दोन मुस्काटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग चौकशी. प्राचार्यांच्या खोलीत तिघेजण, चहा, बिस्किटं, आणि काचेच्या कपाटात मागे आमचा कप. दार अर्धवट उघडं होतं आणि बाहेर बाकावर आई, मांडीवर पिशवी घेऊन. एक साहेब टोपणाने टेबलावर टकटक करत म्हणाले, “तिने काही तक्रार केली होती का? तक्रार म्हणजे तोंडी किंवा लेखी.”

“तोंडी नाही,” मी म्हणाले. “लेखी नाही.”

“मग नाहीच की,” ते म्हणाले आणि लिहिलं.

मला तिसरा प्रकार सांगता आला असता. प्राचार्यांना तो नको होता हे खरं आहे, कारण त्या ओळीवर त्यांचं कॉलेज सुटत होतं, आणि लक्ष ठेवलं नाही म्हणून सगळं खापर काकांच्या माथी मारून त्यांना प्रयोगशाळेतून काढून गोदामात टाकता येत होतं. त्यांना मी कधी माफ करणार नाही. पण मी गप्प बसले ते त्यांच्यासाठी नाही. दार उघडं होतं. आईला ऐकू गेलं असतं.

टकलू घरी आली ती वेगळी. उजवा हात लोंबतो. शब्द चारच: हं, नको, पाणी, ताई. ताई सगळ्यांनाच म्हणते, आईलाही. डोकं मधूनमधून दुखणार, डॉक्टर म्हणाले, दुखायला लागलं की लगेच गोळी द्या, अंधार करा, आवाज करू नका, नाहीतर आकडी येईल. पण कधी दुखतंय ते तिला सांगता येत नाही. आई तिच्या तोंडाकडे बघत बसते, डोळ्यात तेल घालून. आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, “माझी पोर कधी बोललीच नाही हो. मुकाट्याने सोसलं. एका शब्दाने म्हणाली असती तर...”

हे मी दीड वर्ष ऐकलं. रोज. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना.

पाय गार पडतात म्हणून तिला मोजे लागतात. दुसरे घातले की पायाने ढकलून काढते. संघाचेच लागतात. आणि दिवसातून कधीतरी तिचा डावा मोजा खाली आलेला असायचा. आई यायची, वर ओढायची. “अगं नीट राहू दे की.” थोड्या वेळाने परत खाली. आई परत वर. आणि तासाभरात आकडी.

मी बघत होते. एकदा बघितलं, दोनदा बघितलं. मग बघितलं नाही असं केलं. आई नसताना तो खाली दिसला तर मी पटकन गोळी द्यायचे, पडदा ओढायचे. आईला वाटायचं, मला कसं बरोबर कळतं. “ताईचा जीव आहे तिच्यात,” म्हणायची शेजारणीला.

मागच्या महिन्यात एका दुपारी मी टकलूचे पाय चोळायला बसले. मोजा निघेना. ओढून काढला तर पिंढरीवर चारी बाजूंनी लाल खाच, एका ठिकाणी कातडं गेलेलं. मोजा उलटा करून बघितला. आत इलॅस्टिकवर इलॅस्टिक, तीन पदर, दुहेरी टीप.

“आई, हे काय केलंस?”

आई मशीनवर होती. “सैल झालं होतं. चारदा घट्ट केलं. माझं काम असं सैल पडत नाही कधी, काय झालंय या मोज्यांना कोण जाणे. आता बघू कसा खाली येतो.”

टकलू तिचा डावा हात पिंढरीवर फिरवत होती. मोजा नव्हता, तरी बोटांनी दुमडायची तशी दुमडत होती. कातडीच दुमडत होती.

मी उठून पडदा ओढला, गोळी दिली. मग आईच्या मशीनसमोर जाऊन उभी राहिले आणि सांगितलं. शेड, नियम, उपांत्य सामना, ओकारी, सगळं. मोजा सैल नाही झाला आई. ती सांगतेय. चौकशीवाल्यांना म्हणाले नाही ते तुला सांगते, तिने सांगितलं होतं.

आईने मशीनचं चाक हाताने धरून थांबवलं.

“तू बघितलंस?”

“हो.”

“फायनलला पण?”

“डावा होता. मग उजवा पण दुमडला तिने.”

“उजव्याचा अर्थ काय होता?”

“तसा काही ठरला नव्हता.”

“ठरवायला लागतो?” आई म्हणाली.

मला वाटलं, आता ओरडेल. मला वाटलं, मारेल. तिने ड्रॉवर उघडून छोटी कात्री घेतली. टकलूच्या पायाशी जमिनीवर बसली आणि मोज्याची टीप उसवायला लागली. एकेक टाका. घट्ट मारलेली दुहेरी टीप उसवायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. पहिला पदर, दुसरा, तिसरा. मग उजवा मोजा मागितला. माझ्याकडे न बघता हात पुढे केला, आणि मी दिला. मी चष्मा आणून दिला तो घेतला नाही. तसंच, डोळे बारीक करून, उसवत राहिली. एकदा कात्रीचं टोक तिच्या बोटाला लागलं, ते तिने तोंडात घातलं आणि परत कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेले. सगळं कागदावर लिहून नेलं, सही करून. कारकुनाने वाचलं, दोनदा वाचलं. “पोच देतो,” म्हणाला, “पण अहवाल बंद झालाय. शिवाय हे...” त्याने ‘मोजा’ या शब्दावर बोट ठेवलं. “याला तक्रार म्हणत नाहीत ताई.” पोच घेतली. बाहेर काचेच्या कपाटात कप होता, कुणीतरी पुसत असावं, चकाकत होता. मैदानावर मुली खेळत होत्या, संध्याकाळच्या वेळी. आम्ही जिंकल्यापासून मुलींना संध्याकाळ मिळते. नव्या जर्सी, नवे मोजे. मी कुंपणाशी बराच वेळ उभी राहिले आणि प्रत्येकीच्या पायाकडे बघत राहिले.

आता आई सकाळी उठून आधी टकलूचे पाय बघते, मग तोंड. मोजे सैल आहेत, आपोआप घसरतात. त्यामुळे घसरलाय की दुमडलाय ते जवळ जाऊन, घडीला हात लावून बघावं लागतं. आई दर वेळी जाते. दिवसातून वीसदा, तीसदा, मशीन सोडून. आकड्या कमी झाल्यात.

माझ्याशी ती बोलते. मीठ दे, दार लाव, गोळ्या संपल्या. शेजारीण आली की पूर्वीसारखी सगळी हकिगत सांगते, फक्त ते एक वाक्य आता सांगत नाही. तिथे आली की थांबते. शेजारीण माझ्याकडे बघते. आई बघत नाही.